तीन नंबरच्या खाटेची भांडी

१४ ऑक्टोबर
आज पुन्हा पेज. आणि मीठ नाही! खुबा मोडला म्हणून इथे इस्पितळात आले, तर रक्तदाब सापडला आणि मीठ बंद झालं. घशाखाली उतरेना. पण उष्टं टाकायचं कसं? रांधणाऱ्याचा अपमान, आईने लहानपणीच ठसवलंय.

शेजारच्या खाटेवरच्या तोगाशीबाई वाटीकडेच बघत होत्या. त्यांना साखर — त्यामुळे भात मूठभर. वाटी सरकवली. चाटूनपुसून साफ. "बरं झालं बाई, तुमचे नखरे आहेत ते," म्हणाल्या.

१५ ऑक्टोबर
आहारतज्ज्ञ मुलगी आली. नवीन, लाजरी. "जेवण आवडतंय ना?" तोंडावर काय सांगणार? "फार छान," म्हणाले. पोरगी फुलली. "तुमच्या तीन नंबरच्या खाटेची भांडी नेहमी लख्ख येतात. स्वयंपाकघरात सगळे खूश आहेत!"

आणि मी उशाखालच्या तांदळाच्या खाऱ्या चकत्यांवर जगतेय.

१७ ऑक्टोबर
वाटी मोठी आली! सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी — पोटभर जेवा. तोगाशीबाईंना हसून हसून ठसका लागला. वाटीही त्यांनीच संपवली. मला चिठ्ठी फेकवेना, वाचवेना.

१९ ऑक्टोबर
तोगाशीबाईंची साखर चढली. डॉक्टर सगळ्यांदेखत बोलले, "लपून काय खाता? आता शनिवारी नातीच्या लग्नाला सोडता येणार नाही." सुनेने त्यांचं कपाट उपसलं. "सासूबाई, घरी तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत." त्या मान खाली घालून गप्प.

मीही गप्प. तोंड उघडलं असतं तर माझं 'फार छान' खोटं ठरलं असतं. एवढ्यासाठी! फार लाज वाटते.

२० ऑक्टोबर
पेज खाल्ली. सगळी. तोगाशीबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार
आज लग्न. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्यात. राहवेना. सिस्टरला गाठून सगळं सांगितलं — मीच देत होते, रोज.

तिने माझा हात हातात घेतला. "तोगाशीबाईंनी परवाच कबूल केलंय, आजी. तुमचा डोळा लागला की त्या चोरून खायच्या. तुम्ही त्यांना वाचवायला असं काहीतरी सांगाल, हेही म्हणाल्या होत्या. किती मोठं मन हो तुमचं!"