डाव्या गुडघ्याचा व्यायाम आणि हिची खिडकी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (मनाने वाकलो आहे, शरीराने का नाही, ते पुढे येईलच.) तुझा खोकला ओसरला असेल आणि भावोजींनी गोळ्या उशीखाली दडवणे सोडले असेल, अशी आशा करतो. आम्ही सुखरूप आहोत, निदान येत्या रविवारपर्यंत.

रविवारी माझी परीक्षा आहे. चिरंजीव जिन्याच्या वळणावर उभे राहणार आणि मी तिसऱ्या मजल्यावरून उतरणार. कठड्याला हात न लावता, दर पायरीवर एकच पाऊल टाकत. जमले तर इथेच राहायचे. न जमले तर त्याने पाहून ठेवलेली तळमजल्यावरची खोली घ्यायची. तिची किल्ली त्याच्या खिशात असते आणि बोलता बोलता तो ती वाजवतो. त्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते. हिचे शिवणयंत्र आमच्या मोठ्या खिडकीशी आहे. तिथल्या उजेडात ही काळ्या कापडावर काळा दोरा बिनचूक चालवते. ही तोंडाने काही बोललेली नाही. फक्त परवापासून गिऱ्हाइकांची सगळी काळी कापडे आधी शिवायला काढली आहेत. ताई, ते मला बघवत नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो, कारण तो फार सुंदर आहे. गुडघ्याची वाटी ही मांडीच्या हाडाच्या टोकावरील पन्हळीतून वरखाली सरकते. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू दुबळे झाले, की मांडी किंचित आत वळते आणि वाटीच्या मागे एकाच बाजूला ताण येतो. टेबलाचा खण एका कोपऱ्याला धरून ओढला की करकरतो, तसेच. म्हणून जिना उतरताना, उकिडवे बसताना, किंवा लांबलचक भाषण ऐकून उठताना वाटीभोवती कळ येते. (भाषण देणाऱ्याला येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.) उपाय म्हणजे व्यायाम, आणि तोही केवळ गुडघ्याचा नव्हे. कुशीवर निजून पाय उचलायचा, मांड्यांभोवती रबरी पट्टा घालून आडवे चालायचे, बुटक्या पाटावरून सावकाश एक पाय खाली टेकवायचा. हे सर्व मी व्यायामोपचार करणाऱ्या बाईंच्या दालनात बाकीच्या रुग्णांना इतके खुलासेवार सांगितले, की त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही फार छान समजावता. आता पाय उचला.”

इथेच घात झाला. तुला ठाऊक आहे, मी उभा जन्म मुलांपुढे तोंड करून कवायत शिकवली. समोर उभ्या असलेल्या वर्गाला डावा हात दाखवायचा तर आपण उजवा उचलायचा, हे माझ्या हाडात मुरले आहे. बाईंनी माझ्यासमोर पडून स्वतःचा उजवा पाय उचलला. मला वाटले, पोरसवदा आहेत, ही खुबी त्यांना कुठली ठाऊक असणार! त्यांचा उजवा म्हणजे माझाही उजवाच. दुखतो डावा, पण निरोगी पाय बळकट करून दुखऱ्याचा भार हलका करावा, अशी या शास्त्राची खोल युक्ती असणार, असे मी स्वतःला पटवले आणि घरी नेमाने उजवा पाय उचलत राहिलो. खालच्या मजल्यावरच्या नळदुरुस्तीवाल्याचाही गुडघा दुखायचा; त्यालाही ही युक्ती मी तासभर समजावली. त्याने मान डोलावली आणि घरी जाऊन मुकाट्याने दुखऱ्या पायाचाच व्यायाम केला. हल्ली तो जिन्यावरून शीळ घालत उतरतो.

काल ही माझ्या नव्या पायजम्याचे माप घेत होती. फीत मांडीभोवती फिरवली, सोडली, पुन्हा फिरवली.

“उजवी मांडी भरलीय. डावी आहे तशीच. व्यायाम कुठल्या पायाचा करता हो?”

“उजव्या.”

“आणि दुखतो कुठला?”

मी सिद्धान्त मांडायला तोंड उघडले. हिने टाचण्या तोंडात धरल्या आणि यंत्राकडे वळली.

बाईंकडे गेलो तर त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो काका, मी मुद्दाम उजवा उचलला होता, तुम्हाला आरशात बघितल्यासारखं दिसावं म्हणून!” म्हणजे त्यांनी माझ्यासाठी जे उलटे केले, ते मी विद्वत्तेने पुन्हा उलटे केले. आता डाव्याचा आरंभ झाला आहे. थोडे दुखले तर चालेल. दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणे टिकले तर व्यायाम हलका करायचा. पण गुण यायला काही आठवडे लागतात, आणि रविवार तर दारात उभा आहे.

असो. भावोजींना नमस्कार. गोळ्या घेतल्याशिवाय त्यांना चहा देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : रविवारी सकाळी, चिरंजीव वळणावर उभा राहिला की, त्याला फोन कर. तू बोलू लागलीस की तो भिंतीकडे तोंड करून ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणत राहतो. तेवढ्यात मी कठडा धरून उतरून घेईन. हे पत्र याचसाठी लिहिले.

ता. क. (माझा) : वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. फोन करू नका. मी मुलाला कालच सांगितलं, ह्यांना उतरता येत नसेल तर वर बसतील, मी खिडकी सोडणार नाही. त्यानं किल्ली खोलीवाल्याला परत दिली. काळी कापडं आधी काढली, कारण गिऱ्हाइकाला घाई आहे. ह्यांना मात्र रविवारपर्यंत यातलं काही कळू देऊ नका; भीतीनं का होईना, पाय उचलतायत. चुकू नये म्हणून डाव्या पायाला पिवळी फीत बांधली आहे. बांधताना मी समोर बसले होते, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं, “हा नक्की डावाच ना?”