शेकडा पावणेअठ्ठ्याण्णव

झाशी,
१८ मार्च १९७४

प्रिय कमल,

हे पत्र टपालाने आले नाही, याचे नवल वाटून घेऊ नकोस. बरुआसागरात तुमच्या घरचे टपाल आधी बापूरावांच्या बैठकीत जाते आणि मग आत येते, हे मला ठाऊक आहे. तुझे मोठे दीर दुसऱ्याचे पत्र फोडणार नाहीत असे तुझी पुष्पावहिनी म्हणते, पण ती कुणाबद्दलही चांगलेच बोलते. म्हणून हे आमच्या भाजीवाल्या राधाबाईच्या हाती देतो आहे. ती तिकडे आले घ्यायला येते आणि तिला वाचता येत नाही. या कामासाठी दुसरा गुण मला नको आहे. एकटी असताना वाच आणि वाचून झाल्यावर चुलीत घाल. सोबतचा दुसरा कागद मात्र जपून ठेव. तो कसला ते सांगतोच, पण आधी सगळे ऐकून घे.

त्या दिवशी मी तुझ्याशी धड बोललोही नाही, त्याचा तुला राग आला असेल. यायलाच हवा. मावशी गेल्यावर तू आमच्या घरी आलीस तेव्हा चार वर्षांची होतीस आणि माझ्या सायकलच्या दांडीवर बसल्याशिवाय शाळेत जायला तयार नसायचीस. अशा बहिणीला मी तिच्याच स्वयंपाकघरात ‘श्रीमती कमलबाई’ म्हटले आणि वहीत टिपणे घेतली. सोबत कचेरीचा शिपाई होता. आपले नाते मी साहेबांना सांगितलेच नव्हते. सांगितले असते तर हे प्रकरण दुसऱ्याकडे गेले असते. का नाही सांगितले, ते तुला आवडणार नाही. मला तुझाच संशय आला होता.

इन्कम टॅक्सच्या कचेरीत बावीस वर्षे काढली की माणूस प्रसादाच्या पेढ्याकडेही वाकड्या नजरेने बघतो. दोन लाखांच्या वरच्या कमाईतले शंभरातले पावणेअठ्ठ्याण्णव रुपये सरकारचे, हा दर आला त्या संध्याकाळी मी घरी पेढे नेले होते. पगार वाढला का, असे पुष्पाने विचारले. मी म्हटले, माझा नाही वाढला, दुसऱ्यांचा कमी झाला. तिला ते पटले नाही, पण पेढा तिने खाल्ला. मला मनापासून वाटत होते, कमल, की टहरौलीकडे डोक्यावर हंडे घेऊन कोसभर चालणाऱ्या बाया आणि तुमच्या बापूरावांची दुसरी मोटार यांच्यातले अंतर याने थोडे तरी कमी होईल. अजूनही वाटते. पण दर चढला तशी बड्या माणसांची एकत्र कुटुंबे भराभर फुटायला लागली, फक्त कागदावर. कमाईचे तुकडे केले की कर उतरतो ना! सदर बाजारातल्या एका दुकानदाराने मला पाळण्यातली भागीदार दाखवली. तिने भांडवल आणले होते म्हणे. ती बिचारी अंगठा चोखत होती.

अशातच जानेवारीत बापूरावांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. त्यात लिहिले होते, दगडाच्या खाणी, खडी फोडायची दोन यंत्रे, छावणीच्या रस्त्यांची कंत्राटे, सगळ्याची वाटणी झाली आहे, अर्धा हिस्सा माझा आणि अर्धा माझ्या दिवंगत भावाच्या पत्नीचा, दोघांचे व्यवहार वेगळे, चुली वेगळ्या. खाली तुझी सही. अर्जापाठोपाठ तुमच्याकडून तिळाच्या लाडवांचा डबा आला. तुझे यजमान मार्तंडराव गेल्याला सहा वर्षे झाली, त्या सहा वर्षांत तुमच्याकडून कधी लाडू आला नव्हता. मी डबा तसाच परत धाडला. मला वाटले, कमलही त्यांच्यात सामील झाली, आता भावाला गोड खाऊ घालून डोळे मिटायला लावणार. एवढा मी नासलो आहे, बाई. मला माफ कर.

मग होळीपूर्वी मी चौकशीला आलो. कायद्यात चुलींचा शब्द नाही, पण आमच्या साहेबांना चुली मोजून लागतात. मागच्या पडवीत नवी चूल घातलेली होती, तिच्यावरचे सारवण अजून ओले होते. तिथे तू बसली होतीस आणि आतल्या चुलीपाशी तुझ्या जाऊबाई. सावित्रीबाईंना मिठाचा डबा कुठे आहे ते सापडेना, हे मी पाहिले. पण तेवढ्याने काय सिद्ध होणार? म्हणून मी दोन्हीकडची वाटीवाटी आमटी मागितली. शिपायाला वाटले, साहेबांना भूक लागली. इकडे आमसूल मिळेना म्हणून आपली आई वाळल्या बोरांचा चुरा आमटीत घालायची, आठवते? दुसऱ्या कुठल्या घरी ही रीत मी पाहिलेली नाही. दोन्ही वाट्यांत तोच चुरा होता, कमल. दोन्ही चुलींवर तूच शिजवले होतेस. बावीस वर्षांत इतका पक्का पुरावा माझ्या जिभेवर कधी आला नव्हता आणि मी मनातल्या मनात अहवाल लिहूनही टाकला, की कुटुंब एकत्र आहे, वाटणी खोटी आहे, पुरा कर वसूल करावा.

निघताना बापूराव त्या मागच्या पडवीतच भेटायला आले. अपने ही आदमी म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाले, “रघुनाथजी, नाव तिचं, बाकी सगळं आहे तसंच. उसको क्या चाहिए? दो रोटी, एक साड़ी.”

तू तीन हातांवर बसली होतीस. तू ऐकलेस की नाही, मला कळले नाही. तुझी पाठ होती आणि तू फुंकणी घेऊन विस्तव फुंकत होतीस. मला तिथे उभे राहवेना, म्हणून निरोप न घेता चालू लागलो.

त्यानंतर आठ दिवस मला अन्न गोड लागले नाही. बसचे भाडे मागावे लागते म्हणून तू दोन वर्षे आमच्याकडे आली नाहीस, हे पुष्पाने तेव्हा मला सांगितले. तिला आधीपासून माहीत होते. मी जगभर संशय घेत हिंडलो आणि माझी बहीण का येत नाही याचा मात्र मला कधी संशय आला नाही. खरा अहवाल लिहिला असता तर काय झाले असते? सरकारला पुरा कर मिळाला असता, तो तिकडे टहरौलीच्या बायांपर्यंत पोचला असता की वाटेतच मुरला असता, देव जाणे. वाटणीचा कागद बापूरावांनी फाडला असता आणि तू पुन्हा त्या घरची फुकटची स्वयंपाकीण झाली असतीस. मोठ्या माणसांकडून घेऊन लहानांना द्यायचे, यासाठीच तर मी पेढे वाटले होते. इतक्या वर्षांत ते माझ्या हातून एकदाच होण्यासारखे होते, आणि तेही खोटे लिहून.

मी खोटे लिहिले. चुली वेगळ्या, व्यवहार वेगळे, वाटणी खरी. परवा साहेबांनी तसा हुकूम काढला, त्याची तुझ्या नावची नक्कल सोबत आहे. नीट वाच. अर्धी मालमत्ता तुझी आहे असे बापूरावांनी स्वतःच्या सहीने सरकारला सांगितले आहे आणि सरकारने ते मान्य केले आहे. आता ते तुला नाही म्हणू शकत नाहीत. म्हटले, तर आपण सरकारला फसवले हे त्यांना कबूल करावे लागेल, आणि मग कर आणि दंड मिळून त्यांना खाणी विकाव्या लागतील. झाशीत एका वकिलाशी मी बोलून ठेवले आहे. बसच्या भाड्याचे पैसे राधाबाईजवळ आहेत, ते तिच्याकडून मागून घे, ती आपणहून देईल अशी मला खात्री नाही. हे बाहेर फुटले तर माझी नोकरी जाईल, आणि निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. त्याचे मला फारसे वाटत नाही. पण तू हिस्सा मागितलाच नाहीस, तर मी एका श्रीमंताला कर बुडवायला मदत केली, एवढेच माझ्या नावावर राहील. खरे सांगू, तू मागशील असे मला वाटत नाही. घराण्याची अब्रू म्हणशील, मोठे दीर वडिलांसारखे म्हणशील आणि गप्प बसशील, असा माझा दाट संशय आहे, आणि तेवढ्याचसाठी हे पत्र लिहिले. माझा संशय सहसा चुकत नाही, कमल. या वेळी तेवढा चुकव.

तुझाच,
रघुदादा