दाखवायचे दात

१२ जानेवारी

नाकारले! पण असे नाकारले की दिवसभर मी हवेत.

‘पायरी’ या फोनवरच्या गटावर मी म्हाताऱ्याच्या पात्रासाठी केलेल्या नकली दातांचे फोटो टाकले होते. कुणी बघेल असं वाटलं नव्हतं. त्या गटावर हजारो माणसं – कुणाला कॅमेरा शिकायचाय, कुणाला आवाज, कुणाला नुसतंच सिनेमात जायचंय. मेकअपच्या कोपऱ्यात नवख्यांना उत्तरं देतात त्या मेकअपताई. उभा जन्म लोकांचे चेहरे रंगवण्यात गेलेला. आज त्यांचा आवाजी निरोप आला – “दात फार चांगले झालेत, तीच अडचण आहे. अगं, हा माणूस सत्तर वर्षं जेवलाय. झीज कुठेय?”

खरंच की! सोळा वर्षं दादाच्या लॅबमध्ये कवळ्या करतेय. दात चांगला दिसला पाहिजे, एवढंच डोक्यात बसलेलं. आता वाईट करायला शिकायचं.

१५ जानेवारी

दुसरा जोड केला. चहाच्या पाण्यात बुडवला, मागच्या बाजूला काळं भरलं, पुढचा एक कोपऱ्यात उडवला. जेवणाच्या टेबलावर सुकत ठेवला होता. वहिनी किंचाळली.

दादा म्हणाला, “दात कोरून पोट भरतं का?”

वहिनी म्हणाली, “आपलं तर तसंच भरतंय की!”

हसून हसून पुरेवाट. मग दादा गंभीर झाला. “लॅबचं काम सांभाळून काय करायचं ते कर.” म्हणजे परवानगीच.

१९ जानेवारी

दुसऱ्या जोडाचे फोटो बघून मेकअपताई – “आता मला याच्या तोंडाचा वास येतोय.” एवढंच! पुन्हा पुन्हा ऐकलं.

२१ जानेवारी

काम मिळालं. खरंखुरं!

गटावरच्या चिमणीचा लघुपट. चिमणी हे तिचं तिथलं नाव. आहे सव्वीसची, आवाज खणखणीत, पहिलाच सिनेमा. सगळा चमू गटातलाच आणि सगळे पहिलटकर. गोष्ट एका म्हाताऱ्याची. बसथांब्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला फैलावर घेणारा, तोंडाचा पट्टा थांबतच नाही असा. शेवटी सात-आठ मिनिटं तो एकटाच बोलतो. चिमणी म्हणाली, “सगळा सिनेमा त्याच्या तोंडावर आहे. आणि तोंड तुमच्या हातात.”

नट कोण – तर निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यभर नाटकात जायचं राहिलं, निवृत्त झाल्यावर मुलीने गटात घालून दिलं. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. मार्चमध्ये शूटिंग.

२७ जानेवारी

मास्तर माप द्यायला लॅबमध्ये आले होते. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं! खुर्चीत बसायच्या आधीच संवाद म्हणून दाखवायला लागले. दादा काम सोडून दारात येऊन उभा. बसथांब्यावरच्या एका बाईला ते म्हणतात, “तुम्ही वाट बघताय ती बस केव्हाच गेली, मी आहे अजून, माझ्याशी बोला.” आधी हसू येतं. मग येत नाही.

आमच्याकडे तोंडं येत नाहीत, साचे येतात. जिवंत माणसाचं माप घ्यायला मला डॉक्टरीणबाईंनी शिकवलं – ज्यांच्या दवाखान्याच्या कवळ्या आम्ही करतो त्या. दादाच्याच तोंडावर सराव केला होता. वरचं माप झकास आलं.

खालचं घेताना मास्तर कळवळले. “काही नाही हो, जिभेला दात लागतो. जुनंच आहे.”

बॅटरी घेऊन बघितलं. जिभेच्या कडेला जखम. कडा उचललेल्या, भोवती पांढुरकं. ग्लोव्ह्जमधल्या बोटाला ती जागा टणक लागली.

माप पूर्ण केलं. ते जाताना दादाला टाळी देऊन गेले.

मी डॉक्टर नाही. मला काय कळतं?

२८ जानेवारी

डॉक्टरीणबाईंना त्या जखमेबद्दल विचारलं. नाव सांगितलं नाही. “किती दिवसांची?” जुनंच आहे म्हणाले, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, “न बघता मी काही म्हणणार नाही. पण माझ्या वडिलांच्या तोंडात असतं तर आजच घेऊन गेले असते.”

३० जानेवारी

मास्तरांना फोन केला. दोनदा ठेवला, तिसऱ्यांदा बोलले. दाखवून घ्या एकदा, डॉक्टरीणबाई तपासतील.

या माणसाला गप्प झालेलं पहिल्यांदाच ऐकलं.

मग – “मला माहीत आहे ते.” म्हणजे? कुणी सांगितलं? “कुणी नाही. माझ्या तोंडात आहे, मला कळत नाही होय? मार्चनंतर जाईन. आत्ता गेलो तर ते कापायचंच म्हणणार. मग तुमच्या चिमणीला कोण बोलून दाखवणार ते सगळं?”

मी म्हटलं, सिनेमा काय, पुढेही होईल.

“माझा नाही होणार,” म्हणाले. आणि वर – “हे आपल्या दोघांत. बायकोलासुद्धा कळता कामा नये. शब्द द्या.”

मी दिला नाही. नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ एकाच दाताला पॉलिश करत बसले.

१ फेब्रुवारी

दात तयार. इतके चांगले – म्हणजे इतके वाईट – मी कधी केले नाहीत. खालचा जोड बरोब्बर त्या जागेला घासणार. हे तोंडात घालून तो माणूस महिनाभर तालीम करणार. सगळ्यांसमोर टाळ्या घेणार. आणि आत ते वाढत राहणार.

कुणाला विचारू? गटावर कशाचंही उत्तर मिळतं. नकली रक्त कसं करतात, शूटिंगच्या पहिल्या दिवशी कुणाच्या मध्ये उभं राहायचं नाही, सगळं. हे विचारता येत नाही. दुसऱ्याच्या तोंडातली गोष्ट.

२ फेब्रुवारी

मास्तरांना कळवलं – तपासून या, मग दात न्या. त्याआधी देणार नाही.

“ही धमकी आहे का?”

“हो.”

माझ्या तोंडून कसं निघालं, कोण जाणे.

४ फेब्रुवारी

कॅमेऱ्यासमोरची चाचणी आज होती. मी दात पाठवले नाहीत. चिमणीचा फोन – काय झालं? म्हटलं, थोडं काम राहिलंय. “मास्तर तर म्हणाले तयार आहेत, तुम्हीच देत नाही!”

खोटं बोलता येईना, खरं सांगता येईना.

६ फेब्रुवारी

चिमणीने गटावर लिहिलं. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. “संधी मागताना सगळे पुढे. काम द्यायची वेळ आली की गायब. अशा लोकांमुळे नवख्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही.” खाली रांग लागली. एकाने लिहिलं, दातखीळ बसली वाटतं! त्यावर पन्नास जण हसले. मीही हसले असते, दुसऱ्या कुणावर विनोद असता तर.

वहिनीने वाचलं. तिला सगळं माहीत आहे – तिला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. म्हणाली, “लिही की खरं कारण! तू का शिव्या खायच्या?” दादा म्हणाला, “नको. तो माणूस स्वतः बोलेपर्यंत नको.”

गेलं वाटतं सगळं. आत पाऊल टाकायच्या आधीच दार बंद. आणि मास्तर तपासायला गेलेच नाहीत तर? मग हेही गेलं आणि तेही.

७ फेब्रुवारी

मेकअपताईंचा फोन. प्रत्यक्ष फोन! मला रडूच फुटलं.

“कारण नको सांगू. दात तयार आहेत का, एवढंच सांग.”

“आहेत.”

“मग मी काही विचारत नाही. केलेलं काम कुणी उगाच दाबून ठेवत नाही, बाई.”

नंतर गटावर त्यांची एकच ओळ – ‘पाणी कुठे मुरतंय हे माहीत नसताना विहीर दोषी ठरवू नये.’ थट्टा थांबली. चिमणी मात्र गप्पच.

१० फेब्रुवारी

दुपारी मास्तर आले. सोबत काकू – त्यांची बायको. काकूंचे डोळे सुजलेले.

मास्तरांनी आधी खुर्ची पुढे ओढून काकूंना बसवलं. मग मला म्हणाले, “तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. वीस तारखेला ऑपरेशन.” सावकाश, एकेक शब्द. “जिभेचा बराच भाग जाईल म्हणाले. बोलणं राहील, पण हे असं राहणार नाही.”

काकू मला म्हणाल्या, “तुम्ही अडवलंत म्हणून हे गेले. नाहीतर कुणाच्या बापाचं ऐकणारे नव्हेत.” मास्तर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी आभार मानले नाहीत. रागच होता. असणारच.

मग हात पुढे केला. “तपासून आलोय. द्या आता दात.”

११ फेब्रुवारी

मास्तरांनी स्वतःच गटावर निरोप टाकला. त्यांच्या त्या गडगडत्या आवाजात – “मंडळी, दातवाल्या बाईंनी दात दिले नाहीत ते माझ्यामुळे. माझी जीभ कापायची आहे. वीस तारखेनंतर मी असा बोलणार नाही. त्याआधी कुणाला शूटिंग करायचं असेल तर मी मोकळा आहे.”

मी ऐकत असतानाच खाली एकेक यायला लागलं. कॅमेरावाला – मी निघतो. आवाजवाली – रजा टाकली, माइक माझा. कुणीतरी दिवे आणतो म्हणालं, कुणीतरी गाडी. दातखीळवाल्याने लिहिलं, मला काही येत नाही, सामान उचलायला येऊ का?

चिमणीचा फोन आला. आधी नुसतं रडणं, मग “ताई, मी काय काय लिहिलं हो!” मी म्हटलं, राहू दे. आधी खालचा जोड रद्द करू, जखमेला लागेल. वरच्या जोडावरच भागवू.

१७ फेब्रुवारी

शूटिंग दोन दिवस चाललं. आज संपलं.

खरा बसथांबा मिळाला – रस्ता खणलाय म्हणून त्या बाजूने बस जात नाही. सगळे एकमेकांना पहिल्यांदा बघत होते. गटावर वाघ असलेला कॅमेरावाला प्रत्यक्षात मिशी न फुटलेला! मेकअपताई स्वतः आल्या होत्या. मी मनात धरल्या होत्या तशा उंच नाहीत – माझ्या खांद्याला लागतात. मास्तरांच्या हातांवरच्या शिरा रंगवता रंगवता म्हणाल्या, “दात बसव तू. तोंडाकडे मी बघणार नाही, ते तुझं.”

दात घातले की ‘स’ला शीळ वाजायची. मी घासून कमी करते म्हटलं. मास्तर म्हणाले, “राहू द्या. म्हाताऱ्याला शोभते.”

शेवटचा संवाद. चिमणीने सांगितलं होतं, तुकड्यातुकड्यांनी घेऊ, दुखेल. मास्तरांनी मान हलवली – एकदम. आवाजवालीने हात वर केला, सगळे थिजले. आणि ते बोलले. मी इतक्या वेळा ऐकलेलं, तरी जणू पहिल्यांदाच ऐकत होते. मध्येच ते थांबले. विसरले का? नाही. चिमणी हलली नाही. मग संवादात नसलेलं एक वाक्य म्हणाले – “बोलून घ्या, बाई, बोलून घ्या. जीभ काय, भाड्याची असते.”

चिमणी कट म्हणायचं विसरली, कॅमेरावाल्यानेच कॅमेरा बंद केला.

दात काढले तर त्यांना जिभेचं रक्त लागलेलं. मी धुऊन डबीत ठेवले. मास्तर म्हणाले, “काय हो, जमलं का?” पोरासारखे!

२० फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. काकूंचा निरोप – शुद्धीवर आहेत. दिवसभरात एकही दात नीट लागला नाही माझ्याकडून.

९ मार्च

मास्तरांच्या घरी जाऊन आले. गळ्याला पट्टी, गाल बसलेले. मला बघून भिंतीकडे वळले. काकूंनी स्वयंपाकघरात नेलं. “काहीतरी बोलतात, मला कळत नाही. परत विचारलं की चिडतात. आता बोलतच नाहीत. गटातूनही बाहेर पडलेत.”

चहा गार झाला. निघाले तेव्हाही ते भिंतीकडेच.

२३ मार्च

चिमणीने गटावर सिनेमा दाखवला. शेकडो जणांनी बघितला. मला दोन कामं आली – त्यातलं एक मोठ्या सिनेमाचं, मेकअपताईंच्या हाताखाली! वहिनीने घरभर सांगितलं. दादा म्हणाला, लॅबमधून किती दिवस सुटी हवी तेवढं सांग.

मास्तरांना सिनेमा पाठवला. काकूंनी कळवलं – उघडला नाही.

३ एप्रिल

आज सुचत नाही. ज्या जिभेवर तो माणूस जगत होता ती मी वाचवली नाही, घालवली – असं भिंतीकडे तोंड करून ते म्हणत असतील का? डॉक्टरीणबाई म्हणतात, “अगं, उशीर झाला असता तर माणूसच गेला असता.” ते कळतं. पण उरलेल्या माणसाने काय करायचं, हे कुठे कुणाला विचारायचं? ते उत्तर गटावर नाही आणि डॉक्टरकडेही नाही. दात नसले तर मी करून देईन. जीभ कुठून आणू?

तरी पुन्हा तीच वेळ आली तर? तेच करीन. हेही तितकंच खरं.

१४ एप्रिल

सकाळी गटावर एक नवा सभासद आला. ओळख म्हणून लिहिलंय – “वय एकसष्ट. पोस्टात होतो. एक सिनेमा केला आहे, काल रात्री पाहिला, बरा आहे. माझं बोलणं आता कुणाला समजत नाही. न बोलणाऱ्या माणसाचं काम असेल तर कळवा. शिकायची तयारी आहे.”