शेवटचा तास आणि पुढची सीट

१५ जून, रविवार
धाराशिवचं दोन दिवसांचं ट्रेनिंग उरकून काल उमरग्याला घरी आलो. विषय: 'कामाच्या ठिकाणी बदल'. मिळालं: एक बॅग (चेन बिघडलेली), एक पेन आणि एक मोठा विचार. ट्रेनिंगवाल्या बाई म्हणाल्या, प्रत्येक ऑफिसात एक तरी माणूस असा असतो, जो सगळं आपल्या मुठीत ठेवतो आणि बदल होऊ देत नाही. ताबडतोब आमचे गणिताचे उत्तरेश्वर सर डोळ्यांपुढं आले.
संकल्प: यंदा लोहाऱ्याच्या आमच्या शाळेत बदल घडवायचाच. कुणीही आडवं येवो.

१६ जून, सोमवार
शाळा सुरू. नव्या मुख्याध्यापिका श्रावस्ती सरवदे मॅडम हजर झाल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, आवाज हळू. घेऊ सांभाळून.
पहिलाच प्रश्न, "वेळापत्रक कोण करतं?" अख्ख्या स्टाफरूमनं माझ्याकडं पाहिलं. आदरानं. एकोणीस वर्षं मीच करतो. मोठा पांढरा पुठ्ठा, प्रत्येक शिक्षकाचा वेगळ्या रंगाचा कागद, चिकटवायला घरची खळ. हे भूगोलवाल्यालाच जमतं, कारण तो जगाकडं वरून बघतो.
मॅडम म्हणाल्या, यंदा कॉम्प्युटरवर करू. मी म्हणालो, "मी बदलाच्या बाजूनंच आहे मॅडम. फक्त स्टाफची मानसिकता नाही." त्यावर उत्तरेश्वर सर म्हणतात, "आमची हाय की मानसिकता! आजच करा."
विरोध नेहमी छुपा असतो, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. किती छुपा, ते आज पाहिलं.

१८ जून, बुधवार
घाई नको म्हणून समिती सुचवली. 'वेळापत्रक बदल समिती'. अध्यक्ष मी. सदस्य उत्तरेश्वर सर आणि मराठीच्या राजेश्वरी मॅडम. पहिल्या बैठकीत दुसऱ्या बैठकीची तारीख ठरवायची होती. सदस्यांच्या हटवादीपणामुळं ठरली नाही.
राजेश्वरी मॅडमनी पुन्हा जुनंच काढलं. शेवटचा तास मोकळा हवा. त्यांच्या सासूबाई, सिताबाई, अंथरुणाला खिळलेल्या. सांभाळणारी बाई साडेचारला निघून जाते, शाळा सुटते पाचला. मधे म्हातारी एकटी. मला सहानुभूती आहे. पण शेवटच्या तासाला अख्ख्या शाळेतून एकच शिक्षक मोकळा राहू शकतो, असं गणित आहे. गणित माझं आहे. आणि तो शिक्षक वेळापत्रक करणाराच लागतो, कारण दिवस कसा गेला याचा कुणीतरी निवांत विचार करायला हवा. तो मी योगीराजच्या प्रवासी जीपमध्ये, त्याच्याच शेजारी बसून उमरग्यापर्यंत करतो. लवकर निघालं की पुढची सीट मिळते. पुढच्या सीटवरून रस्ता आणि भविष्य दोन्ही दिसतं. मागं कोंबून बसलेल्या माणसाला फक्त दुसऱ्याचा गुडघा दिसतो.

२१ जून, शनिवार
योग दिन. शवासनात एक उत्तम योजना सुचली. उठवलं तेव्हा विसरलो होतो. शिपाई वीरप्पा म्हणतो, "सर, तुमी घोरलाव. पोरं हसलाली." वीरप्पाही त्यांनाच सामील.

२४ जून, मंगळवार
मॅडमनी माहिती मागितली. कोण कुठल्या वर्गाला काय शिकवतं, एवढंच. उद्या देतो म्हणालो. (काल पण हेच म्हणालो होतो.) उत्तरेश्वर सर मधेच, "पाच मिन्टाचं काम हाय सर. मी सांगू का?" दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं. ट्रेनिंगमध्ये होतंच हे लक्षण.
माहिती माझ्या डोक्यात आहे. डोक्यातून कागदावर यायला वेळ लागतो. तोवर पुठ्ठा स्टाफरूमच्या कपाटात ठेवला, कुलूप घातलं, किल्ली घरी आणली. धूळ बसू नये म्हणून.
हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "मग अडवतंय कोण?" तेच तर समजावत होतो. म्हणाली, "कळलं. तुमच्या उशीखालचा टीव्हीचा रिमोट तेवढा द्या." विषय काय, बाई बोलते काय.

२८ जून, शनिवार
यशस्वी दिवस! मॅडमनी मला ट्रेनिंगवर स्टाफपुढं बोलायला सांगितलं. विषय मीच निवडला: 'बदलाला विरोध करणारा सहकारी कसा ओळखावा?' उत्तरेश्वर सरांकडं मुद्दाम बघितलं नाही. सभ्यता पाळली. लक्षणं वाचली. तो तोंडानं 'मी बदलाच्या बाजूचा' म्हणतो. काम पुढं ढकलायला समिती काढतो. माहिती कुणाला देत नाही. किल्ल्या स्वतःकडं ठेवतो.
इतकं एकाग्र होऊन स्टाफनं मला कधी ऐकलं नव्हतं. किल्ल्यांवर तर टाळ्या पडल्या. उत्तरेश्वर सर उठून म्हणाले, "हुबेहूब, सर! माणूस डोळ्याम्होरं हुबा राह्यला." स्वतःचं वर्णन इतक्या मोकळेपणानं ऐकून घेतलं, याचं मात्र कौतुक वाटलं. वीरप्पा खोकत खोकत बाहेर गेला. बराच वेळ खोकत होता. औषध घे म्हणून सांगितलं.

३० जून, सोमवार
राजेश्वरी मॅडम उशिरा आल्या. डोळे सुजलेले. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा बरं असतं. पण शुक्रवारी बाई गेल्यावर सिताबाई खाटेवरून पडल्या. ओरडायलाही येत नाही त्यांना. मॅडम घरी पोचेपर्यंत फरशीवरच. शेवटच्या तासाआधी मला म्हणाल्या, "सर, मी रागावून न्हाय सांगत. कपाळाला टेंगूळ आलंय हो आत्यांच्या. आठवड्यातनं दोन दिवस तरी."
वाईट वाटलं. खरंच वाटलं. देऊन टाकावा तास, असं मनात आलंसुद्धा. पण आज यांना दिला की उद्या दुसरं कुणी मागणार, मग सिस्टीम कोसळणार. वेळापत्रकात प्रत्येक शिक्षकाला रंग आहे, भावनेला नाही. पुढं काय बोलावं हे सुचत होतं तेवढ्यात बाहेर योगीराजनं हॉर्न दिला.
सरवदे मॅडमनी निघताना अडवून सांगितलं, "सर, शुक्रवारपर्यंत माहिती द्या." आवाज तसाच हळू. सूर मात्र आवडला नाही.

२ जुलै, बुधवार
निर्णय: उद्यापासून तीन दिवस किरकोळ रजा. कारण: पाठदुखी. खरं कारण: माझ्यावाचून शाळा कशी चालते ते एकदा यांना दिसू दे. पुठ्ठा कपाटात, किल्ली माझ्या खिशात, माहिती माझ्या डोक्यात. शुक्रवारी काय करतील? फोन करतील. मी दोन वेळा उचलणार नाही, तिसऱ्यांदा उचलेन.

३ जुलै, गुरुवार
सकाळी फोन फुल चार्ज केला. प्रार्थनेची वेळ झाली. आता गोंधळ सुरू असणार. बिचारी मुलं.
दुपारपर्यंत फोन नाही. नेटवर्क तपासलं. हिच्या फोनवरून स्वतःला रिंग दिली. वाजली. "कुणाचा?" हिनं विचारलं. शाळेचा, म्हणालो.

४ जुलै, शुक्रवार
पावणेबाराला फोन! वीरप्पा. ठरवल्याप्रमाणं दोनदा उचलायचा नव्हता, पण तो पुन्हा करेलच असं वाटेना, म्हणून पहिल्यांदाच उचलला. "सर, कपाटाची किल्ली कुटंय?" अखेर! मी शांतपणे विचारलं, "का? पुठ्ठा लागतोय ना?" तर म्हणे, "न्हाय जी. खडूचा बॉक्स राह्यलाय आत." मी म्हणालो, पाठ दुखतीय, तरी किल्ली घेऊन येतो. "थांबा," म्हणाला, आणि कुणाशी तरी बोलून, "ऱ्हाऊ द्या सर, दुकानातनं आणला दुसरा. तुमी पडून ऱ्हावा."
पडून राहिलो. आता खरंच दुखायला लागलीय.

७ जुलै, सोमवार
भिंतीवर वेळापत्रक. एक साधा कागद! काळा-पांढरा. रंग नाही, खळ नाही, सौंदर्य नाही. गुरुवारी प्रत्येकानं आपापले तास सांगितले, कॉम्प्युटरमध्ये घातले, चहा यायच्या आत झालं म्हणतात. उत्तरेश्वर सर म्हणाले, "तुमच्या डोक्यातली म्हायती आमच्या बी डोक्यात हुतीच सर. त्ये तास आमीच घेतो न्हवं?"
शेवटच्या तासाला तीन जण मोकळे निघालेत. तीन! कॉम्प्युटरचं गणित तपासायला हवं. राजेश्वरी मॅडम रोज मोकळ्या. मी तिघांत नाही. मला रोज शेवटचा तास, नववी क. नववी क म्हणजे काय, हे कॉम्प्युटरला काय कळणार?
तडक ऑफिसात गेलो. सरवदे मॅडम म्हणाल्या, "बसा सर. तुमचे आभार मानायचेच होते. तुम्ही नसताना करावं लागलं, पण समितीचे अध्यक्ष तुम्हीच. मी एवढंच सांगितलं होतं, ज्यांना हा तास आजवर मिळाला नाही त्यांना आधी मिळू दे. बाकी सगळ्यांनी राजेश्वरी मॅडमचं नाव आपणहून दिलं. तुमची काही हरकत?"
मी म्हणालो, "मी बदलाच्या बाजूनंच आहे."

११ जुलै, शुक्रवार
आठवडाभर नववी क. आज अक्षांश शिकवत होतो, एक जण म्हणाला, "सर, सोडा की आता. पृथ्वी बी दमली आसंल."
सुटताना वीरप्पानं कपाटाची किल्ली मागून घेतली आणि पुठ्ठा हातात आणून दिला. "कपाट मोकळं करायचंय, मॅडमनी सांगितलंय. टाकून देऊ म्हणलं, पर तुमाला इचारावं." बगलेत मारून स्टँडवर आलो. योगीराज कधीच गेलेला. पाचनंतरच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर तहसीलातले एक कारकून बसलेले. त्यांना नम्रपणे सांगितलं, मला पुढं बसायची सवय आहे. ते म्हणाले, "मला बी हाय. धा वर्साची." काही माणसं बदलाला तयारच नसतात.
मागं बसलो. मांडीवर कुणाच्या तरी कांद्याची पिशवी. समोरचे म्हातारबा म्हणाले, "मास्तर, त्यो पुठ्ठा द्या हिकडं, शिटातली तार टोचलालीय." दिला. ते त्यावर बसले. एकोणीस वर्षं आणि अकरा रंग खाली घेऊन बरं वाटलं त्यांना. तसं म्हणाले.
मग बॅगेतला डबा आठवला. दुपारी राजेश्वरी मॅडमनी दिला होता. धपाटे आणि शेंगाची चटणी. म्हणाल्या, "आत्यांनी करायला लावलं. खुणेनं सारखं इचारत होत्या, आता रोज लवकर कशी येतीस म्हणून. सांगितलं, आमच्या शंभुलिंग सरांनी आपला तास दिला." मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्या तेवढ्यात निघाल्या, साडेचार व्हायचे होते.
नववी क नंतर भूक लागतेच. जीपमध्येच उघडला. धपाटे मऊ होते, मीठही बेताचं. एक घास खाऊन डबा परत झाकला. गर्दीमुळं.