दोरी बाहेर, वारा आत

कर्र… आणि मग हुश्श. कर्र… हुश्श. आबा, साठ वर्षं होत आली तरी तो आवाज कानातून गेलेला नाही. कचेरीच्या मोठ्या दालनात आढ्याला टांगलेला तो लांबलचक कापडी पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडवीत आलेली, आणि पडवीत भिंतीला पाठ लावून दोरी ओढत बसलेले तुम्ही. ओढली की कप्पी कुरकुरायची, सोडली की आत साहेबांच्या डोक्यावरून झालर फिरायची. वारा आत, आणि तुम्ही बाहेर पश्चिमेच्या उन्हात. पुढे शाळेत गुरुजींनी वृत्तं शिकवायला घेतली तेव्हा बाकीची मुलं बोटांवर लघु-गुरू मोजत बसायची. मला कधी मोजावे लागले नाहीत. कर्र हा लघु, हुश्श हा गुरू. पण हे मी गुरुजींना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

आज लिहायला बसलो त्याचं निमित्त ऐकाल तर हसाल. तुमचा नातू, ज्याला तुम्ही पाहिलं नाहीत, आखातात इंजिनिअर आहे. त्यानं इथे रत्नागिरीत समुद्राकडच्या उतारावर जांभ्या चिऱ्याचा बंगला बांधला आणि आता त्याला सबंध घर गार करायचं आहे. खिडकीत बसवतात तसला डबा नव्हे, सेंट्रल एसी. एकच मोठं यंत्र, आणि त्यातून निघून छताखालून प्रत्येक खोलीत जाणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे. दोन यंत्रांची माहितीपत्रकं आणि सोबत पत्र आलं: "बाबा, तुम्हीच निवडा, तिथे राहायचं तुम्हाला आहे. आजोबा कचेरीत होते, त्यांच्या नावाला शोभेल असं घर झालं पाहिजे." कचेरीत होते. हे वाक्य त्याला मीच दिलेलं आहे, आबा. माझ्या लग्नाच्या बोलण्यात दिलं, नोकरीच्या मुलाखतीत दिलं, आणि तोच कित्ता मुलानं गिरवला. खोटं त्यात एक अक्षर नाही. तुम्ही कचेरीतच होता. फक्त भिंतीच्या पलीकडे.

मुंबईहून कंपनीचा एक उमदा मुलगा येऊन घर मोजून गेला. खिडक्या किती, पश्चिमेला भिंत केवढी, राहणारी माणसं किती, सगळं वहीत टिपलं आणि म्हणाला, "साडेसात टन लागेल, काका." सून चहा घेऊन येत होती, ती तिथंच थबकली. "साडेसात टन? अहो, स्लॅब पेलेल ना?" तो हसत सुटला. टन हे वजन नव्हे म्हणे, गारवा मोजायचं माप. मला ते फार आवडलं. गारव्यालाही माप असतं! मग उन्हालाही असणारच, आणि कुणीतरी ते आपल्या डोक्यावर झेललेलं असणार. मी विचारलं, "घरातली उष्णता जाते कुठे?" तो म्हणाला, "बाहेर. यंत्र बाहेर असतं ना, ते सगळी उष्णता बाहेर टाकतं. तुम्हाला आत काही कळणार नाही. यंत्र आहे की नाही, हेसुद्धा विसरून जाल. चांगल्या यंत्राची हीच खूण." बिचाऱ्याला काय ठाऊक तो काय बोलला ते.

निवड दोन यंत्रांतली. एक पाण्यावर चालणारं, अगदी गुपचूप. दुसरं हवेवर चालणारं, तांब्याच्या नळ्यांचं, खाऱ्या हवेत टिकाऊ, पण आवाज करणारं. दोन्ही चालू पाहायची तर लोट्याला चला म्हणाला, तिथल्या एका कारखान्यात आहेत. गेल्या आठवड्यात गेलो. ऊन मी म्हणत होतं. आधी ऑफिसात नेऊन पाण्यावरचं यंत्र दाखवलं. आतला गारवा खरोखर चौदा ओळींच्या एखाद्या सुनीत-काव्यासारखा, बांधेसूद. मग मागच्या अंगणात गेस्ट हाउसचं दुसरं यंत्र. ते घरघरत होतं, त्याच्यातून भट्टीसारखा वारा बाहेर पडत होता, आणि त्या वाऱ्यात एक माणूस स्टुलावर बसून होता. पन्नाशीचा, खाकी कपडे, खांद्यावर पंचा. त्यानं पटकन उठून स्टूल मला दिलं. "बसा बाबानु. उनाचं आलाव." मी विचारलं, "तुम्ही इथंच बसता दिवसभर?" "हां. काटा बघायचा, पट्टा बघायचा. बिगाडला तर आतली मानसं वराडतात." "आत कधी बसलायत, गारव्यात?" तो मोकळा हसला. "आत कशाला? माजा काम भायर." त्याचं गाव पावसच्या बाजूला, सुट्टीला रत्नागिरीवरूनच जातो म्हणाला. आणखीही बोलत होता, पण मला पुढचं ऐकू येईना. कंपनीच्या मुलानं हाक मारली तसा उठलो, आणि इतका गोंधळलो होतो की छत्री तिथंच विसरून आलो. शाळेतल्या नोकरीपासूनची ती छत्री, आत पांढऱ्या रंगानं नावपत्ता घातलेली.

आता ते लिहितो जे इतकी वर्षं लिहिलं नाही. मी चौथीत आहे. आई जाऊन एक पावसाळा झालाय. गावच्या शाळांत पाठांतरात माझा पहिला नंबर आलाय आणि बक्षीस समारंभ कचेरीतच आहे, त्या मोठ्या दालनात. साहेब, शिरस्तेदार, गुरुजी सगळे खुर्च्यांवर. मला कविता म्हणायला उभं केलंय. गुरं रानातून घरी परततात, अशी ती कविता. पहिल्या कडव्यालाच माझ्या लक्षात येतं की पंखा माझ्या चालीवर हलतोय. मी ओळ टाकली की कर्र, ओळ संपली की हुश्श. भिंतीपलीकडून तुम्ही माझ्या कवितेला ठेका धरलाय, आणि माझा आवाज असा काही लागतो, तसा पुन्हा कधी लागला नाही. मग तिसरं कडवं येतं. त्यात एक बाई गुरांची वाट पाहत अंगणात उभी असते. आणि पंखा थांबतो.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. शिरस्तेदार बाहेर धावले. "झोपलास काय रे?" असं ओरडत त्यांनी तुम्हाला दारात आणून उभं केलं. तुम्ही हात जोडले, पण बघत होता माझ्याकडे. डोळे भरलेले. साहेबांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी मला सहज विचारलं, रागानं नाही, आबा, अगदी मायेनं विचारलं: "काय रे, ओळखीचा आहे का तुझ्या?"

मी म्हणालो, "नाही, साहेब."

बक्षीस म्हणून लाल कापडी बांधणीचं कवितांचं पुस्तक मिळालं. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "तुजी कविता आयकत व्हतो रं बाला. हात कंदी थांबला, कललाच नाय." मला वाटलं, तुम्हाला ऐकू गेलं नसेल. दुसऱ्या दिवशी आपण नेहमीसारखे बरोबर निघालो, मी शाळेला, तुम्ही कचेरीला. शाळा दिसू लागते त्या वळणावर तुम्ही खाली बसलात आणि पाय हातात घेतलात. "काटा गेला. तू हो फुडं." मी पुढे झालो. तिसऱ्या दिवशीही काटा. चौथ्या दिवशीही. त्या वाटेवर आपण बरोबर चाललो त्या सगळ्या वर्षांत रोज त्याच वळणावर तुमच्या पायात काटा जायचा, आबा, आणि मी एकदाही मागे वळून म्हटलं नाही, दाखवा, मी काढतो. मॅट्रिकचा निकाल लागायच्या आत तुम्ही गेलात. तुम्हाला शेवटची आंघोळ घातली तेव्हा मी तुमचे तळवे पाहिले. एकही काटा रुतल्याची खूण नव्हती.

पुढे पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. ती कविता क्रमिक पुस्तकात होती तोवर दर वर्षी वर्गातल्या कुणाला तरी उभं करून म्हणवून घ्यायचो. स्वतः म्हणायला गेलो की तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ आठवत नाही. बाकी सगळी पाठ आहे. ती तेवढी नाही.

तर निवड झाली आहे. मी आवाजाचं यंत्र निवडलं, आणि कंपनीच्या मुलाला चिठ्ठी पाठवली की ते माझ्या खोलीच्या भिंतीलगत बाहेर बसवा, आणि त्यावर कौलांची सावली करा. तुमच्या नातवाला मात्र लिहिलं की आपली विहीर वैशाखात आटते, तेव्हा पाण्यावरचं यंत्र सोयीचं नाही, शिवाय खाऱ्या हवेला तांबं बरं. दोन्ही कारणं खरी आहेत. खोटं त्यातही एक अक्षर नाही. ‘आजोबा कचेरीत पंखा ओढत’ एवढं एक वाक्य त्या पत्रात घालणार होतो. तीनदा लेखणी टेकवली, आणि ‘बाकी सर्व क्षेम’ लिहून पाकीट चिकटवलं. हे पत्र तर कुठे टाकायचं तेही मला ठाऊक नाही.

बाहेर कडी वाजली. सून ओट्यावर गेली आहे. खिडकीतून मला दिसतोय तो, लोट्याचा, आज खाकी नाही, धुतलेला पांढरा सदरा आहे. हातात माझी छत्री, मिटलेली, एवढ्या उन्हात. सून म्हणते आहे, आत या, पाणी घ्या, आणि तो पायरीखालूनच म्हणतोय, "नको, भायरच बरा हाय. बाबांची छत्री तेवडी द्यायची व्हती."

सून आत वळून विचारते आहे, "बाबा, हे कोण आलेत? तुमच्या ओळखीचे आहेत का?"

उठतो, आबा. उत्तर द्यायचं आहे.