नळ शेवटी, त्याचं मत आधी

चि. दीपक यास,

तुझ्या भाऊजीचा, म्हणजे पुंजाजीचा, आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुझ्या आयोवातला बर्फ वितळला का, पायलचा गुडघा कसा आहे, आणि मागच्या खेपेचं तिखट विमानतळावर कोणी उघडून हुंगलं तर नाही ना, ते कळव. (फोनवरच बोललो असतो, पण आपल्या घराच्या भिंती पातळ आणि तुझ्या बहिणीचे कान तिखट. म्हणून पत्र. फोटो काढून व्हॉट्सॲपवर येईल.)

तर झाल्या प्रकाराला सर्वस्वी तू जबाबदार आहेस. आपल्या पॅनेलकडून सरपंचपदाला एकच माणूस उभा करायचा, आणि इच्छुक दोन: एक मी, दुसरी गुलाबरावांची सून रुपाली. तेव्हा तूच व्हिडिओवर सांगितलंस की तुमच्याकडे पक्षाचा उमेदवार ठरवायला एकेक राज्य पाळीपाळीनं मत देतं, आणि पहिल्या राज्यात जो जिंकला त्याच्याकडे बाकीचे झुकतात. मला ते फार पटलं. आपलं गाव वारा पाहून पाठ फिरवणारं. आपली मधली आळी पंचायतीला लागून, म्हणजे पहिली पाळी आपली, म्हणजे सरपंच मी, असा माझा साधा हिशेब होता. मी बैठकीत अमेरिकेचं नाव घेऊन, राज्यांच्या जागी आळ्या घालून ही पद्धत मांडली. गावानं टाळ्या वाजवून ती मंजूर केली आणि लगेच पहिलं कोण यावरून भांडायला सुरुवात केली.

गुलाबराव म्हणाले, पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी आमची जाते, तेव्हा पहिलं मत वरच्या आळीचं. (तुमच्या न्यू हॅम्पशायर राज्यानं पहिला मान आपलाच असं कायद्यात लिहून ठेवलंय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नको, ते पोळ्याचा कायदा करायला मुंबईला जातील.) टेकडीपुऱ्याचं म्हणणं, आम्ही उंचावर, सूर्य आधी आम्हाला दिसतो. तेवढ्यात भीमनगरच्या जनकाबाई उठल्या. "बैलाचा मान बैलाले द्या, गुलाबराव. आमच्या नळाले पानी साऱ्यात शेवटी येते. मंग मत तं आधी येऊ द्या." तुझी बहीण मागून म्हणाली, "बराबर आहे. ज्याचा नळ शेवटी, त्याचं मत आधी." मीही जोरात मान डोलावली, कारण भीमनगरात माझा वर्गमित्र संघपाल राहतो आणि तो मला नाही म्हणणार नाही अशी माझी समजूत होती. ठराव झाला.

आता पहिलं मत भीमनगरचं म्हटल्यावर तिथं काहीतरी करून दाखवणं भाग होतं. मी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या गोकुळला चहा पाजला आणि त्या आठवड्यात पाणी सर्वांत आधी भीमनगरला सोडायला लावलं. हंडे भरले, ड्रम भरले, जनकाबाईंनी गोधड्यासुद्धा धुतल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रविवारी विहारासमोर टेबल मांडून मतांचा डबा ठेवला, तर संघपाल शांतपणे म्हणाला, "पुंजाजी, आता आमचा नळ शेवटी कुठं आहे? आता शेवटी टेकडीपुरा. ठराव तुह्याच डोळ्यासमोर झाला बे." डबा टेकडीपुऱ्याला गेला. तोवर रुपालीनं तिथं पाणी पोचवलं होतं. टेकडीवरच्या बायांनी तिला ओवाळलं, मला ठराव वाचून दाखवला आणि डबा परत पाठवला.

असं चालू आहे. गावाला पूर्वी आठ दिवसांनी पाणी यायचं, आता एक दिवसाआड येतं, कारण गोकुळला कोणी ना कोणी चहा पाजतच असतं. गावात पाणी आहे, उमेदवार नाही. तुमच्या आयोवाची पहिली पाळी एका पक्षानं काढून साउथ कॅरोलायनाला दिली तेव्हा तू हळहळला होतास, आणि मी हसलो होतो. ते हसू मी मागे घेतो.

सर्वांना यथायोग्य सांगणे.

तुझा भाऊजी,
पुंजाजी

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. दुसऱ्यांना पाणी पाजता पाजता आपल्याच आळीचा नळ कोरडा पडला, त्यामुळे या रविवारी पहिली पाळी मधल्या आळीची, आणि आळीत पहिलं घर आपलं. तुझ्या बहिणीला विचारलं, मत मलाच ना? ती म्हणाली, "पाहू." लग्नापासूनचा माझा अनुभव आहे, तिचं "पाहू" म्हणजे नाही. दीपक, गावात हरलो तर मी सोसेन, पण स्वतःच्या उंबरठ्यातच हरलो तर तोंड कुठं दाखवू? रविवारच्या आत तिला फोन कर. माझं नाव काढू नको.

ता. क. २. दीपक, फोन करू नोको. रुपालीनं आज सकाळीच आपल्या आळीत पानी सोडलं, शेवटच्या घरापर्यंत आलं. आता कोरडी राह्यली फक्त वरची आळी, म्हणजे तिचीच. रविवारी पहिली पाळी त्यायची. तुह्या भाऊजीले अजून सांगतलं नाही, त्यायले जेवू दे. त्यायनं काढला तं फोटो हालते, म्हणून मीच काढून राह्यली. आमची पाळी आली म्हणजे मताचं पाहू.

तुही ताई, पुष्पांजली