आमच्या टीममधला फितूर

४ फेब्रुवारी, सकाळ
नातीने कॉम्प्युटरवर रंगगोळ्यांच्या लढाईचा गेम घालून दिला. ती नोकरीसाठी लांब गेलीय. दर रविवारी संध्याकाळी फोनऐवजी आता हेच. टीममध्ये ती, तिच्या ऑफिसातला एक मित्र, ज्याला सगळे गेंडा म्हणतात, आणि मी. आपण पांढरे, शत्रू पिवळे. सोपं आहे. मी तीस वर्षं तपासणी खात्यात काढली आहेत.

८ फेब्रुवारी, रविवार
गेम टाकाऊ. माणसं भिंतीत अर्धी रुतून बसतात. बंदुकीतून रंग येतो तो नळाला हवा आल्यासारखा. त्यात रंगांची कंजुषी. जो तो पिवळट. आपली माणसं कुठे लपतात कोण जाणे, मी एकटी लढले. एक पिवळा सारखा माझ्यापुढे पाठ करून उभा, समोरचं काही दिसू देत नाही; त्यालाच आधी रंगवते.
हरलो. पडद्यावर पुन्हा पुन्हा येत होतं: आपल्याच खेळाडूने रंगवले. टीममध्ये फितूर आहे. मी शोधून काढणार.

१० फेब्रुवारी
लॉन्ड्रीवाल्याने पडदे पिवळे करून आणले. शिअर नेग्लिजन्स. वर तोंड करून म्हणतो, बाई, दुधासारखे पांढरे आहेत. परत पाठवला. मुलाने विचारलं, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊ का. म्हटलं, आधी लॉन्ड्री बदल.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज गेंड्यावर नजर ठेवली. नात रंगते तेव्हा तो कधीच आसपास नसतो. मुरलेला गुन्हेगार असाच वागतो. खेळ थांबवून सगळ्यांदेखत जाब विचारला. म्हणाला, "आजी, माझंच काही चुकत असेल." शाळेत आमच्या सिस्टर असल्या गोडबोल्यांना आधी बाकावर उभं करायच्या.
नातीला सांगितलं, टीममध्ये तो राहील किंवा मी. ती मग म्हणाली, ठीक आहे, तू.

२२ फेब्रुवारी, रविवार, चहानंतर
गेंडा गेला. आज जिंकणार.

त्याच संध्याकाळी
नात रंगली. आपल्याच खेळाडूने रंगवले. पुन्हा तेच. परत तेच. टीममध्ये आम्ही दोघीच. मी पिवळ्यांशिवाय कुणाला मारत नाही. म्हणजे तीच काहीतरी करतेय. तिला हरायचं निमित्त हवंय. म्हातारीपायी रविवार फुकट जातो, हे तोंडाने सांगवत नाही, एवढंच.
कॉम्प्युटर बंद केला.

२५ फेब्रुवारी
तिचे फोन येताहेत. घेणार नाही. मुलाने डॉक्टरचा विषय काढला. ताटावरून उठले.

१ मार्च, रविवार
संध्याकाळ पुस्तकात घालवायची ठरवली होती. एकच पान झालं. हल्ली बल्बसुद्धा धड बनवत नाहीत. फोन वाजला नाही. मी काही वाट बघत नव्हते.
मुलाला म्हटलं, ने एकदाचा डॉक्टरकडे. डोळे ठणठणीत आहेत हे सिद्धच करते.

४ मार्च
मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, पांढरंसुद्धा पिवळं दिसत असेल. म्हटलं, मुळीच नाही.


१४ मार्च
एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. पडदे इतके पांढरे की बघवेनात. लॉन्ड्रीवाल्याला बोलावून धुतलेल्याच चादरी पुन्हा धुवायला दिल्या. माफीचं तोंडाशी आलं होतं, पण तो घाईत होता.

२२ मार्च, रविवार
आज मीच नातीला फोन केला. गेम सुरू झाला. समोर पाठ करून उभी असलेली पांढरीशुभ्र आकृती, आणि माझी बंदूक बरोबर तिच्या पाठीवर.
विचारलं, "तू अशी मध्ये का उभी राहतेस?"
"तुला रंग लागू नये म्हणून."
"तुला माहीत होतं?"
"गेंड्यालाही."
"मग सांगायचं नाहीस?"
"सांगितलं असतं तर तू खेळणं सोडलं असतंस, आजी."
ते मी तसंही सोडलं होतं.
गेंड्याला परत बोलावलं. लगेच आला, बहुधा वाटच बघत होता. डोळा लख्ख असूनही आम्ही सडकून हरलो. गेम टाकाऊ आहे, हे दोघांनीही मान्य केलं. पुढच्या रविवारी तोच खेळायचा आहे.
तपास पूर्ण. फितूर सापडला. निवृत्त असल्यामुळे कारवाई करता येत नाही.